चार लेबर कोड: खरं युनियनचं की एचआरचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. प्रश्न विचारणारे युनियनच्या कमिटीवर आहेत. कायम कामगार 180, जवळपास तेवढेच ठेकेदाराचे, आणि अलीकडे कंपनीने मुदतीच्या नेमणुकीवर थेट मुलं घ्यायला सुरुवात केली आहे. फेडरेशनचे नेते गेट मीटिंगला येऊन सांगून गेले की चार लेबर कोडांनी, म्हणजे नव्या कामगार संहितांनी, कामगार संपवला. एचआरने नोटीस बोर्डावर लावलं की 29 जुन्या कायद्यांचं जंजाळ सुटलं, फायदा तुमचाच. पगारवाढीचा करार पुढच्या वर्षी संपतोय. खरं कोणाचं धरायचं, आणि मागणीपत्रात काय घालायचं?

मी पुण्याच्या कामगार न्यायालयात वकिली करते. सुरुवातीची वर्षं व्यवस्थापनाच्या बाजूने उभी राहिले, आता युनियनचीही कामं घेते. त्यामुळे हे दोन्ही सूर मला पाठ आहेत. त्यातलं सरळ खोटं फारसं कोणी बोलत नाही, फक्त प्रत्येक जण वेगळ्या कामगाराबद्दल बोलत असतो. फेडरेशनच्या नेत्यासमोर असतो कायम, संघटित, पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेला माणूस. सरकारच्या जाहिरातीत असतो तो नेमणूकपत्रच न मिळालेला. या दोघांच्या वाट्याला संहितांमधून वेगवेगळं येतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘संहिता चांगल्या की वाईट’ हा नाही. ‘180 कायम कामगारांच्या कारखान्यात, महाराष्ट्रात, आमच्या हातातून नेमकं काय गेलं आणि ते परत कुठून मिळवायचं’ हा आहे.

आधी पार्श्वभूमी, उरकून घेते. 29 केंद्रीय कायदे चार संहितांमध्ये बसवले. वेतन संहिता 2019 ची, तर औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य या तीन 2020 च्या. कायदे एकत्र करा हा सल्ला जुना आहे, रवींद्र वर्मा अध्यक्ष असलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने तो 2002 मध्येच दिला होता. तीन संहिता सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत मंजूर झाल्या तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता. नंतर पाच वर्षं त्या पडून राहिल्या आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर आणणारी भारतीय श्रम परिषद 2015 नंतर भरलीच नाही, ही केंद्रीय संघटनांची तक्रार मला रास्त वाटते. आणि संघटना एका सुरात विरोध करतात हेही पूर्ण खरं नाही. दहा केंद्रीय संघटनांनी 9 जुलै 2025 चा देशव्यापी संप केला, पण भारतीय मजदूर संघ त्यात नव्हता. त्यांनी वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचं स्वागत केलं, उरलेल्या दोन्हींतल्या काही कलमांना हरकत घेतली. माझं स्वतःचं मतही बरंचसं तिथेच आहे.

आता तुमच्या आकड्याकडे. 180.

औद्योगिक विवाद कायद्यात 1976 साली तरतूद आली की 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कपात किंवा कारखाना कायमचा बंद करायचा तर आधी सरकारची परवानगी हवी. 1982 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 100 वर आली. नव्या संहितेने ती परत 300 केली, शिवाय सरकारला अधिसूचना काढून ती आणखी वर नेण्याची मुभा ठेवली. म्हणजे काल तुमचा कारखाना परवानगीच्या आत होता, आज बाहेर आहे. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर्षामागे 15 दिवसांची भरपाई, आणि नव्याने आलेला पुनर्कौशल्य निधी, ज्यात मालकाने कपात झालेल्या माणसामागे 15 दिवसांचा पगार भरायचा. एवढं केलं की कायद्याच्या लेखी कपात झाली.

ठेकेदाराची माणसं धरली तर आम्ही 300 च्या वर जातो, असं तुम्ही म्हणाल. संहिता मागच्या 12 महिन्यांतली कामगारांची रोजची सरासरी बघते. कंत्राटी माणसं त्यात धरायची का, हा भांडणाचा मुद्दा आहे. कंपनीचा वकील ‘ती ठेकेदाराची’ म्हणणार आणि तुम्हाला ठेका कागदावरचाच आहे हे सिद्ध करावं लागणार. सुपरवायझर कोण आहे, हजेरी कोण घेतं, सुट्टी कोण मंजूर करतं, मशीन कोणाचं, यावर ते ठरतं. निकाल लागायला किती वर्षं जातात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या आशेवर करार करू नका.

इथे एचआरवाल्यांचा जो युक्तिवाद असतो तो मी तुमच्यासमोर प्रामाणिकपणे ठेवते, कारण तो पोकळ नाही. 100 ची अट होती म्हणून कंपन्या 90 कायम कामगारांवर थांबायच्या आणि वरची सगळी भरती ठेकेदार, ट्रेनी, अप्रेंटिस अशा नावांनी करायच्या. चाकण, रांजणगाव, भोसरी, कुठल्याही लाइनवर उभं राहून बघा. आणि परवानगीच्या अटीने संरक्षण मिळायचं असंही नेहमी नव्हतं. परवानगी मागायच्या भानगडीत न पडता वीजबिल थकवून, कच्चा माल बंद करून एका सकाळी गेटला कुलूप लावून गेलेले मालक मी पाहिलेत. त्यांच्या कामगारांच्या फायली अजून आमच्या कपाटात आहेत.

पण यातून एचआर जो निष्कर्ष काढतं तो मला मान्य नाही. परवानगीच्या अटीचा खरा उपयोग सरकारी दारात नव्हता, वाटाघाटीच्या टेबलावर होता. परवानगी सहज मिळत नाही हे मालकाला माहीत असायचं, म्हणूनच व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेचा, आकडा वर चढायचा. वर्षामागे 15 दिवसांच्या कायदेशीर भरपाईऐवजी वर्षामागे 45, 60 दिवसांचा पगार देणाऱ्या योजना कंपन्यांनी काढल्या त्या उदारपणे नाही. दुसरा रस्ता लांबचा आणि बेभरवशाचा होता म्हणून काढल्या. तो दुसरा रस्ता 100 ते 300 च्या कारखान्यांसाठी आता डांबरी झालाय. तुमचं नुकसान मोजायचं तर ते इथे मोजा.

असे कायदे उद्योग वाढू देत नाहीत हे अभ्यासाने सिद्ध झालंय, असंही कोणी सांगेल. त्या अभ्यासाचं मूळ बहुतेक वेळा टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांच्या 2004 च्या संशोधनात असतं. त्यांनी राज्यांच्या दुरुस्त्यांना कामगारधार्जिण्या आणि मालकधार्जिण्या असे गुण दिले. आदित्य भट्टाचार्य यांनी त्या गुण देण्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे ‘सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्याला चहा पाजून पाठवा.

दुसरी गोष्ट गेट मीटिंगला कोणी सांगत नाही, पण माझ्या मते तुमच्यासाठी परवानगीइतकीच मोठी आहे: स्थायी आदेश (स्टँडिंग ऑर्डर), म्हणजे कारखान्यातले प्रमाणित सेवानियम. महाराष्ट्रात 50 कामगारांच्या आस्थापनेलाही ते लागू होते. संहितेत ती मर्यादा 300 आहे. स्टँडिंग ऑर्डर म्हणजे फक्त गैरवर्तनाची यादी नव्हे. चार्जशीट कशी द्यायची, चौकशीत तुमच्या बाजूने कोण बसणार, निलंबन काळात किती भत्ता, पाळी बदलायची तर काय, हे सगळं त्यात असतं. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर 12 महिन्यांत 240 दिवस भरलेल्या बदली (गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्या) किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याचं कलम आहे. ज्या कलमावर आमच्या न्यायालयात कायम होण्याच्या कितीतरी केसेस उभ्या राहिल्या, तेच आता तुमच्या आकाराच्या कारखान्यात वादात येणार. उद्या एचआर म्हणेल, आम्हाला स्थायी आदेशच लागू नाहीत, कंपनीची पॉलिसी लागू आहे. पॉलिसी म्हणजे एचआरच्या कॉम्प्युटरमधली फाइल, हवी तेव्हा बदलता येते.

संपाबद्दल मात्र नेत्यांनी तुम्हाला थोडं जास्त घाबरवलंय. 14 दिवसांची नोटीस देशभरात सगळ्या उद्योगांना लागू झाली हे खरं, पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. पण महाराष्ट्रातल्या कामगाराला ती नवी नाही. आपल्याकडच्या युनियन मान्यतेच्या 1971 च्या कायद्यात, ज्याला कोर्टात सगळे ‘एमआरटीयू पल्प’ म्हणतात, 14 दिवसांच्या नोटिशीविना केलेला संप बेकायदाच होता. खरी अडचण पुढची आहे. समेटाची बोलणी चालू असेपर्यंत आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर ते चालू असेपर्यंत आणि नंतर 60 दिवस बंदी. नोटीस दिली की कामगार खात्याचा समेट अधिकारी दोघांना बोलावणार, बोलावलं की बोलणी सुरू, बोलणी सुरू की संप बंद. कायदेशीर संपाला उरते ती एक बारीक फट. आणि एकाच दिवशी 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी मिळून टाकलेली किरकोळ रजाही आता संपातच मोजली जाते. तेव्हा ‘सगळे सीएल टाकू’ ही कमिटीची आवडती युक्ती विसरा. टाळेबंदीसाठी मालकालाही अशीच नोटीस द्यावी लागते, पण बेकायदा ठरल्यावर ज्याचा महिन्याचा पगार अडतो त्याला ती जास्त जाचते, हे सांगायला वकील लागत नाही.

आता युनियनच्या मान्यतेचा मुद्दा. इथे कृपया कागद-पेन घेऊन बसा.

महाराष्ट्राच्या कायद्यात 30 टक्के सदस्यसंख्येवर युनियनला मान्यता मिळू शकायची. संहितेत, कारखान्यात एकापेक्षा जास्त युनियन असल्या आणि एकट्याने वाटाघाटी करायच्या तर, हजेरीपटावरच्या कामगारांपैकी 51 टक्के तुमच्या मागे हवेत. तेवढे कोणाकडेच नसले तर वाटाघाटी परिषद, आणि तिथे बसायला किमान 20 टक्के. आज तुमचे 180 च्या 180 सदस्य आहेत म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पण कंपनी मुदतीच्या नेमणुकीवर मुलं घेतेय ती थेट स्वतःच्या हजेरीपटावर. अशी 200 मुलं आली की पटावर 380 झाले. त्यात तुम्ही 180, म्हणजे 47 टक्के. एकही कायम माणूस न फुटता तुमचं बहुमत गेलं. राज्याचा 1971 चा कायदा संहितेच्या रद्द कायद्यांच्या यादीत नाही, त्यामुळे जिथे दोन्ही आपटतील तिथे केंद्राचा कायदा चालणार की राज्याचा हे ठरवणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद 254 वर वाद होतील आणि आम्हा वकिलांची चलती राहील. तुम्ही त्या निकालाची वाट बघू नका. मुदतीच्या मुलांना आजपासून सभासद करून घ्या. कायम कामगारांना हे रुचत नाही, ‘ती उद्या जाणार, त्यांच्यासाठी आपण कशाला भांडायचं’ असं म्हणतात. मुंबईत 1982 च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी कायद्याने मान्यता दुसऱ्याच युनियनकडे होती आणि गिरणी मालक तिच्याकडे बोट दाखवत राहिले. मान्यतेचा कागद कोणाच्या हातात आहे याला किती किंमत असते हे महाराष्ट्राला शिकवायला नको.

मुदतीच्या नेमणुकीबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. ठेकेदाराच्या हाताखाली राहण्यापेक्षा ती बरी, यात शंका नाही. त्याच कामासाठी कायम कामगाराइतकंच वेतन आणि सोयी मिळाल्या पाहिजेत, पीएफ थेट कंपनी भरते, आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायचं नाही, एक वर्षाच्या नोकरीवर त्या प्रमाणात मिळते. नोटीस बोर्डावरच्या ओळींपैकी ही सगळ्यात खरी. पण मुदत संपली की नोकरी संपते आणि ती कपात मानली जात नाही. भरपाई नाही, ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हा नियमही नाही. किती वेळा मुदत वाढवली की माणूस कायम, याला संहितेत मर्यादा घातलेली नाही. माझ्या मते अख्ख्या औद्योगिक संबंध संहितेतली सगळ्यात मोठी उणीव ही आहे.

पगाराच्या व्याख्येवर तुमच्या सहकाऱ्यांनी विचारलंय की हातात कमी येणार का. काहींना येईल, काहींना नाही. नियम असा की भत्ते वगैरे वगळायच्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. समजा एकूण 30,000, त्यात बेसिक आणि डीए मिळून 11,000, बाकी भत्ते 19,000. भत्त्यांपैकी 15,000 वगळले जातील, उरलेले 4,000 वेतनात येतील, वेतन झालं 15,000. कंपनी आजवर 11,000 वर पीएफ कापत असेल तर तुमची कपात 1,320 वरून 1,800 होईल, म्हणजे हातात 480 कमी. तेवढेच कंपनीलाही जास्त भरावे लागतील. ती हे ‘सीटीसी’तूनच, म्हणजे तुमच्यावरच्या ठरलेल्या एकूण खर्चातूनच, वळते करू बघेल, तिथे अडवा. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 च्या कमाल मर्यादेवर कापला जातो त्यांच्या कपातीत फरक पडायचं कारण नाही. ग्रॅच्युइटी मात्र वाढते: वर्षामागे 15 भागिले 26 या हिशेबाने 6,346 ऐवजी 8,654. वीस वर्षांच्या नोकरीला साधारण 46 हजारांचा फरक. हा फायदा निखळ आहे, पोरांना नीट समजावून सांगा.

आणखी एक चांगली गोष्ट पटकन सांगते. राजीनामा असो की काढून टाकणं, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. फुल अँड फायनलसाठी महिनोन्‌महिने चकरा मारणाऱ्यांना याची किंमत कळेल. आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं, ठेकेदाराच्या माणसालाही.

तर मागणीपत्र. 100 ते 300 च्या कारखान्यात जे संरक्षण कायद्यातून गेलं ते सगळं नाही, पण बरंचसं करारात लिहून घेता येतं, कारण कायद्यापेक्षा जास्त देणारा करार वैध असतो. सरकारी परवानगीची अट करारात आणता येणार नाही. पण कपातीआधी तीन महिन्यांची नोटीस, युनियनशी लेखी चर्चा, भरपाई वर्षामागे 15 ऐवजी 45 दिवस, आणि पुन्हा भरती झाली तर कपात झालेल्यांना आधी बोलावणं, हे लिहून घेता येतं. सध्याचे प्रमाणित स्थायी आदेश जसेच्या तसे कराराला परिशिष्ट म्हणून जोडा आणि एक ओळ घाला की कामगार कितीही असले तरी हेच लागू राहतील. मुदतीच्या नेमणुकीवर टक्क्यांची मर्यादा मागा, आणि दुसऱ्यांदा मुदत वाढली की कायम भरतीत प्राधान्य. युनियनच्या मान्यतेचं कलमही करारात घाला.

यातल्या कशासाठी तुम्हाला पगारवाढीत थोडं सोडावं लागेल, हे कंपनीच्या ऑर्डर बुकवर आणि तुमच्या एकीवर अवलंबून आहे. मला विचाराल तर वाढीत पाचशे रुपये कमी घ्या पण स्थायी आदेशांचं परिशिष्ट सोडू नका. सभासदांना हे गळी उतरवणं सोपं नाही. वाढ पुढच्या महिन्याच्या पे स्लिपवर दिसते, परिशिष्ट चार्जशीट आल्याशिवाय कोणी उघडत नाही.

करारावर सही समेट अधिकाऱ्यासमोर करा, नुसती एचआरच्या केबिनमध्ये नको. समेटात झालेला करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना बांधतो, नंतर येणाऱ्यांनाही. बाहेर झालेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. केंद्राचे आणि राज्याचे नियम कोणत्या तारखेपासून लागू धरायचे ते सही करायच्या आठवड्यात एकदा तपासून घ्या. आणि मागणीपत्र देण्याआधी तीन कागद मिळवा: गेल्या 12 महिन्यांचा हजेरीपटाचा गोषवारा, मुदतीच्या मुलांपैकी एकाचं नेमणूकपत्र, आणि तुमच्या स्थायी आदेशांची प्रमाणित प्रत. तिसरा कागद बहुतेक युनियनच्या कपाटात नसतो. कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करून मागा, आत्ताच.